ओझरला ‘मिग’ कसं चिकटलं? गावांच्या नावांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या गावाचं किंवा वस्तीचं नाव तुम्हाला वेगळं वाटतं, कुठल्या नावामागची गोष्ट जाणून घ्यायचीय, तर पत्रं, मेसेज भरपूर आले. सगळेच घेता येणार नाहीत, पण ज्यांच्यात सांगण्यासारखं जास्त आहे ते घेतलेत. प्रश्न थोडे छोटे केलेत, तेवढं चालवून घ्या.

आमच्या घरात कायमचा वाद आहे. आजी म्हणते लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथं कापलं म्हणून नाशिक, आणि मुलाचे सर सांगतात नऊ शिखरं म्हणून नाशिक. खरं काय धरायचं?
*– एक ताई, पंचवटी*

ताई, हा वाद फक्त तुमच्या घरातला नाही, नाशकात प्रत्येक घरात तो एकदा तरी झालेला असतोच. नाकाची गोष्ट रामायणाला धरून आहे, आणि पंचवटी, तपोवन, सीतागुंफा, रामशेज, तिकडे इगतपुरी तालुक्यात जटायूचं टाकेद असं सगळं आजूबाजूला असताना ती आपल्या मनात इतकी पक्की का बसली हे वेगळं सांगायला नको. नऊ शिखरांची गोष्टही हवेतली नाही. ‘नाशिक नऊ टेकांवर वसलं’ असं जुनी माणसं म्हणतात, आणि जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमधून पायी फिरलात ना की चढ-उतार पायाला लागतोच, गंगेवरून, म्हणजे गोदावरीच्या काठावरून, वर गावात यायचं तर प्रत्येक बोळ चढणीचाच.

पण मला स्वतःला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? पांडवलेण्याला जा, चोवीस लेण्यांमधलं एकोणिसाव्या नंबरचं लेणं बघा. लहानसं आहे, बरेच लोक मोठी लेणी बघून तिथून पुढं निघून जातात. तिथं ब्राह्मी लिपीत लेख आहे, त्यात म्हटलंय की सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना, श्रमणांची, म्हणजे भिक्षूंची, व्यवस्था बघणाऱ्या नाशिकच्या महामात्राने हे लेणं करवलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी एका सरकारी अधिकाऱ्याची ओळखच ‘नाशिकचा’ अशी होती! शेजारच्या अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दालनात, नाशिककरांनी धंबिक गावाच्या वतीने दिलेल्या दानाचा लेख आहे. नाव का पडलं हे त्या लेखांमध्ये नाही, पण नाव होतं, तेच होतं, आणि आपण ते आजही तसंच वापरतो हे त्यातून कळतं. त्याच लेण्यांमधल्या लेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे आणि आजूबाजूच्या मुलखाचं नाव गोवर्धन. गंगापूर रोडने पुढं गेलात की गोवर्धन गाव लागतं ना, तेच नाव. रोज त्या फाट्यावरून जाणाऱ्या कितीतरी जणांना माहीतच नसतं की हा बोर्ड सातवाहनांच्या काळातलं नाव दाखवतोय.

मधे मुघलांनी नाशिकचं गुलशनाबाद केलं होतं, म्हणजे फुलांच्या बागेचं गाव, आणि मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर पुन्हा नाशिक झालं. अशी नावं एकमेकांच्या शेजारीही नांदायची बरं का. चांदवडच्या टांकसाळीत जे रुपये पाडले जायचे त्यांच्यावर फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं लिहिलेलं असायचं, दोन्ही नावं एकाच नाण्यावर.

त्यामुळे आजीला गोष्ट सांगू द्या आणि मुलाला लेण्यावर घेऊन जा, दोन्ही करा.

ओझरला सगळे ‘ओझर मिग’ का म्हणतात? आमच्या नातेवाईकांना पत्ता सांगितला की ते हसतात.
*– ओझर टाऊनशिपमधून एक कॉलेजची मुलगी*

हसू दे त्यांना, तुझ्या गावाच्या नावात लढाऊ विमान आहे, असं भारतात किती गावांना म्हणता येईल? 1964 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे आपल्या एचएएलचा कारखाना ओझरला आला तो मिग-21 विमानं बनवायला. कारखान्याबरोबर टाऊनशिप आली, शाळा आली, देशभरातून माणसं आली, आणि एसटीचे कंडक्टर, रिक्षावाले, पोस्टमन सगळ्यांना गाव कुठलं आणि कारखान्याची वसाहत कुठली हे वेगळं सांगायची गरज पडली. शिवाय अष्टविनायकातलं ओझर जुन्नर तालुक्यात, त्याच्याशी घोळ व्हायचा तो वेगळाच. मग ‘ओझर मिग’ झालं. कुठल्या कमिटीने ठरवलं नाही, लोकांच्या तोंडी बसलं.

आणि हे जे मागं शेपूट लागतं ना गावाच्या नावाला, यात खरी मजा आहे. पहिलं नाव बहुतेक वेळा साधं असतं, पिंपळ होता पिंपळगाव झालं, वड होता वडनेर झालं, तळं होतं तळेगाव झालं. झाडं आणि पाणी काय सगळीकडेच असतात, त्यामुळे एका जिल्ह्यात पाच पाच पिंपळगावं होणारच. मग माणसांना जसं आडनाव लागतं तसं गावाला दुसरं नाव लागलं, आणि तिथला इतिहास शोधायचा तर या दुसऱ्या नावात शोधावा असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडेच बघ, पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब. तळेगाव दिंडोरी, तळेगाव रोही, तळेगाव अंजनेरी. विंचूर आहेच, शिवाय विंचूर दळवी आणि विंचूर गवळी. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या पात्रातल्या मध्यमेश्वराच्या देवळाचं नाव लागलं, आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झालं तेव्हा हे आपलं गावाकडचं लांबलचक नाव जगाच्या यादीत जसंच्या तसं गेलं.

वडनेरचं तर उदाहरण द्यायलाच पाहिजे. चांदवड तालुक्यात वडनेर भैरव, तिथं भैरवनाथाचं देवस्थान, म्हणजे देवाचं नाव लागलं. आणि देवळालीजवळ वडनेर दुमाला, इथं महसुलाचं नाव लागलं! जुन्या कारभारात ज्या गावाचा सारा सरळ सरकारात न जाता इनामदाराकडे लावून दिलेला असायचा त्याला दुमाला गाव म्हणायचे. आता इनामं गेली, इनामदार गेले, पण गावाच्या बोर्डावर ती नोंद अजून आहे. बुद्रुक आणि खुर्द हे पण तसंच, फारसीतल्या बुजुर्ग आणि खुर्दवरून आलेलं, मोठं गाव ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. सिन्नर तालुक्यात पाथरे बुद्रुक आणि पाथरे खुर्द आहेत. कधी कधी खुर्द गाव लोकसंख्येने पुढं निघून जातं, रस्ता तिकडून गेला की बाजार तिकडे भरतो, पण नावात धाकटं ते धाकटंच राहतं.

नदी गोदावरी आणि गाव गंगापूर, असं का? मी बदलीने विदर्भातून आलोय.
*– सातपूरचे एक वाचक*

दादा, अजून थोडे दिवस राहा, तुम्ही पण ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणायला लागाल. नाशिकमध्ये गोदावरीला कुणी गोदावरी म्हणतच नाही, निदान बोलताना तरी नाही. गौतम ऋषींनी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गंगा आणली ही कथा, म्हणून गौतमी, म्हणून दक्षिणेची गंगा, आणि आमच्यासाठी नुसती गंगा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की ‘गंगेला पूर आलाय’ आणि लगेच पुढचा प्रश्न ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?’ गंगेतल्या या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, यावर नाशिककर पूर मोजतात, क्युसेकचे आकडे नंतर. त्यामुळे काठावरच्या गावांनाही तीच गंगा लागली, गंगापूर, गंगाम्हाळुंगी, गंगावऱ्हे. वरच्या धरणाला पण मग गंगापूर धरण हेच नाव.

शरणपूर रोडवर आमचं दुकान आहे. शरणपूर नावाचं गाव तर कुठं दिसत नाही, मग हे नाव आलं कुठून?
*– एक दुकानदार, कॅनडा कॉर्नरजवळ*

काका, या एका प्रश्नासाठी तुमचे आभार मानले पाहिजेत, कारण ही गोष्ट नाशिककरांनी विसरायला नको होती आणि आपण ती जवळपास विसरलोय.

शरणपूर हे खरंच वेगळं गाव होतं, शहराबाहेर. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनने ते वसवलं, विल्यम प्राइस नावाचे पाद्री त्यात पुढं होते. धर्म बदलला म्हणून गावाने, भावकीने बाहेर काढलेल्या माणसांना राहायला, काम शिकायला जागा, म्हणजे शरण आलेल्यांचं पूर. नाव अगदी विचार करून ठेवलेलं. आणि मग तिथं आफ्रिकेतली मुलं आली. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून गलबतांमधून गुलाम म्हणून विकायला नेत, ती गलबतं इंग्रजांचं आरमार समुद्रात अडवायचं, आणि सुटका झालेल्यांपैकी कितीतरी मुलं मुंबईला उतरवली जायची. आईबाप कुठं, गाव कुठलं, काही पत्ता नाही. त्यातली बरीच शरणपूरला आली. तिथं सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलंय, म्हणजे स्वतःचं गाव हरवलेल्या या मुलांच्या ओळखीला आपल्या गावाचं नाव लागलं.

डेव्हिड लिव्हिंगस्टन, तो आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध प्रवासी, त्याच्या शेवटच्या मोहिमेत यातले काही जण होते. 1873 मध्ये आजच्या झांबियात तो वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं शव जंगलातून, महिनोन् महिने चालत, समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. त्यात शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. झाडाखाली प्रार्थना त्याने म्हटली, झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख त्याने कोरली, आणि शवाबरोबर तो थेट लंडनला गेला. एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत हा आपल्या शरणपूरचा मुलगा होता.

पुढं 1875 च्या सुमारास मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी वस्ती उभी राहिली, तिचं नाव फ्रीअरटाउन, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रीअरवरून. ती उभी करायला प्राइस गेले आणि शरणपूरची बरीच आफ्रिकन माणसंही परत आफ्रिकेत गेली. तिथं त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणायचे.

इकडे शहर वाढत गेलं, गाव त्यात मुरलं आणि नाव उरलं ते रस्त्याला. तुमच्या दुकानाच्या पाटीवर पत्त्यात ‘शरणपूर रोड’ आहे ना, तो कधी ‘एसपी रोड’ वगैरे असा शॉर्टकट करू नका ही माझी मनापासून विनंती आहे. आणि त्या चौकात कुठंतरी या मुलांची माहिती सांगणारी एक साधी पाटी लागायला पाहिजे, मराठीत.

देवळालीवरून इंग्रजीत वेडेपणाचा शब्द आलाय असं ऐकलं, खरं आहे का? आम्ही देवळाली कॅम्पचे, जरा वाईट वाटलं.
*– एक निवृत्त फौजी*

साहेब, खरं आहे, पण वाईट वाटून घेऊ नका, त्यात देवळालीची काहीच चूक नाही. इंग्रजांच्या काळात नोकरी संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत आणून ठेवायचे, मुंबईहून मायदेशी जाणारी जहाजं मिळेपर्यंत. जहाजं ठराविक मोसमातच सुटायची, त्यामुळे एखाद्याची वेळ चुकली की महिनोन् महिने पडून राहायचं, काम नाही, उन्हाळा, मलेरिया, दारू, आणि घरी जायची ओढ. त्यात डोकं फिरायला लागलं की म्हणायचे याला ‘डूलॅली टॅप’ झालाय, म्हणजे देवळालीचा ताप, आपलाच ‘ताप’ शब्द. पुढं नुसतं डूलॅली राहिलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये बोलण्यात आहे. म्हणजे घरी जायला तरसलेल्या सैनिकांची अवस्था त्या शब्दात आहे, आणि ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार. देवळालीची हवा तर इतकी चांगली की पुढं मुंबईचे लोक मुद्दाम इथं तब्येत सुधारायला यायचे, सॅनिटोरियम उगाच नाही बांधली.

सिडको, जेल रोड, नाशिकरोड... ही काय नावं आहेत का? चांगली नावं ठेवायला हवीत असं वाटत नाही का तुम्हाला?
*– एक वाचक, इंदिरानगर*

नाही वाटत. कागदावर ‘नवीन नाशिक’ हे चांगलं नाव आहेच की, पण लोक सिडकोच म्हणतात, कारण सिडको या सरकारी महामंडळाने घरांच्या स्कीम बांधल्या आणि साध्या नोकरदार, कामगार माणसाला पहिल्यांदा स्वतःचं घर मिळालं, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधल्या कितीतरी जणांना. ‘सहाव्या स्कीमला राहतो’ असं सांगताना कुणाला कमीपणा वाटलेला मी तरी बघितला नाही. जेल रोडला मध्यवर्ती कारागृह आहे म्हणून जेल रोड. आणि नाशिकरोड म्हणजे रेल्वेची जुनी पद्धत, स्टेशन गावात नसेल, गावाकडे जाणारा रस्ता तिथून निघत असेल तर स्टेशनच्या नावाला ‘रोड’ जोडायचे, वसई रोड, अबू रोड तसं. स्टेशन जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटर लांब, मधे एकेकाळी ट्रामसुद्धा होती, सुरुवातीला घोड्यांची. 1982 मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड, देवळाली, सातपूर सगळं एकात आलं पण तरी आजही नाशिकरोडचा माणूस शहरातल्या शालिमार चौकात जाताना ‘नाशिकला जाऊन येतो’ असंच म्हणतो. हे नाव बदललं तर ही सगळी माहिती पण जाईल ना.

तालुका बागलाण आणि गाव सटाणा, फॉर्म भरताना दर वेळी गोंधळ होतो.
*– सटाण्याचा एक विद्यार्थी*

गोंधळ होणारच, पण बागलाण हे गावाचं नाव नाहीच, ते एका राज्याचं नाव आहे. साल्हेर-मुल्हेर किल्ल्यांच्या आधाराने इथं बागूल राजांचं राज्य होतं, त्यांच्यावरून बागलाण. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत पण बागलाणची नोंद आहे. राज्य गेलं, सुभे गेले, जिल्हे झाले, नाशिक जिल्हा 1869 चा, आणि तरी तालुक्याच्या रूपाने ते नाव टिकलं. 1672 ची साल्हेरची लढाई, जिथं मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं, ती याच मुलखात, आणि 2025 मध्ये साल्हेर जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्यामुळे फॉर्मवर तालुका बागलाण लिहिताना जरा नीट अक्षरात लिही. सिन्नरचंही साधारण असंच आहे, देवगिरीच्या यादवांचा पूर्वज सेऊणचंद्र, त्याने वसवलेलं सेऊणपूर, त्याच्या मुलखाला सेऊणदेश म्हणायचे, आणि सिन्नर ही त्या सुरुवातीच्या यादवांची राजधानी. गोंदेश्वराचं देऊळ बघितलं की राजधानी होती हे वेगळं पटवावं लागत नाही.

मोबाईलचा मॅप येवल्याला ‘येओला’ आणि देवळ्याला ‘देओला’ म्हणतो, ऐकून डोकं उठतं. काही करता येईल का?
*– येवल्याची एक ताई*

ताई, माझंही उठतं. इंग्रजांनी त्यांना ऐकू आलं तसं लिहिलं, आणि आता ते स्पेलिंग बघून मशीन बोलते, आणि मशीनचं ऐकून आपलीच बाहेर वाढलेली मुलं ‘येओला पैठणी’ म्हणायला लागलीत. ज्या येवल्यात तात्या टोपे जन्मले, ज्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली आणि ती जागा मुक्तिभूमी झाली, त्या गावाचं नाव तरी नीट घ्यायला पाहिजे. करता येण्यासारखं एवढंच, मॅपमध्ये चूक सुचवायची सोय असते तिथून देवनागरीत बरोबर नाव पाठवा, एकट्याने नाही, गावातल्या दहा जणांनी मिळून पाठवा, आणि दुकानाच्या, शाळेच्या पाट्या मराठीत ठळक ठेवा.

माझ्या गावाचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. मी स्वतः शोधायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू?
*– पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे शिक्षक*

सर, तुम्ही तर सगळ्यात योग्य जागी आहात. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, 1883 मध्ये निघालं, ते ऑनलाईन वाचायला मिळतं, त्यात मोठ्या गावांची माहिती आहे पण पाड्यांची फारशी नाही. पाड्यांचं नाव माणसांकडेच मिळणार. आधी म्हाताऱ्या माणसांना बोलू द्या आणि ते जसं उच्चारतात तसंच लिहून घ्या, शुद्ध करायला जाऊ नका, ‘ळ’चा ‘ल’ झाला असेल, शेवटचं अक्षर खाल्लं असेल तरी तसंच. कारण कागदावरचं नाव तलाठ्याने किंवा मोजणीदाराने ‘सुधारलेलं’ असू शकतं, बोलण्यातलं जुनं असतं.

मग शिवाराकडे वळा. गावाचं नाव एक असतं पण शिवारात नावं पन्नास असतात, प्रत्येक शेताला, ओहोळाला, टेकडीला, आणि ती कुठं छापलेली नसतात. मुलांना कामाला लावा, प्रत्येकाने आपापल्या घरच्या शेतांची नावं आणि ती का पडली हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहायचं. कुठल्या झाडाचं नाव सारखं सारखं येतंय आणि ते झाड आता दिसतं का, हे बघा. आणि एखाद्या जागेला ‘पांढरी’ म्हणत असतील तर तिथं नक्की जाऊन या. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, त्यामुळे आज जिथं घरं नाहीत आणि तरी लोक पांढरी म्हणतात तिथं आधी गाव असण्याची शक्यता मोठी असते. नांगरताना खापरं निघतात का ते शेतकऱ्याला विचारा, पण खणू मात्र नका, फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. वही पूर्ण झाली की आम्हाला तिची एक झेरॉक्स पाठवा, पुढच्या एखाद्या अंकात आपण तिला जागा देऊ.